धामणदरे खुर्द, बेचिराख

१

सारिका नद्या सरळ करायची. तिचा नवरा पियुष हे चारचौघांत मुद्दाम सांगायचा. "आमची ही नद्या सरळ करते, मी मात्र बारा वर्षांत झालो नाही," असं म्हणून स्वतःच हसायचा. थट्टा सोडली तर काम खरंच तेवढंच होतं. जळगावात एका व्यापारी संकुलाच्या तिसऱ्या मजल्यावर अखिल शेठची नकाशे करून देणारी कंपनी होती, आणि तिथे संगणकापुढे बसून सारिका आठ वर्षं नद्यांची वळणं कमी करत होती.

आता नदीची वळणं कमी कशाला करायची, असं कुणालाही वाटेल. मोजणीतून नदी येते ती हजारो बिंदूंची माळ होऊन. प्रत्येक कोपरा, प्रत्येक बारीक मुरड त्यात असते. ती तशीच लहान नकाशावर काढली तर नदी दिसत नाही, शाई सांडल्यासारखं दिसतं. म्हणून काही बिंदू गाळायचे. कोणते गाळायचे आणि कोणते राखायचे, सगळी मारामारी त्यावरच.

ऑफिसात त्याच्या दोन रीती होत्या. त्यांची पुस्तकातली नावं परदेशी, लांबलचक. म्हणून सगळे 'दोरी' आणि 'त्रिकोण' एवढंच म्हणत. दोरीत नदीच्या पहिल्या बिंदूपासून शेवटच्या बिंदूपर्यंत एक ताठ दोरी बांधली आहे असं धरायचं. दोरीपासून जो बिंदू सगळ्यात लांब, तो राखायचा. मग त्याच्या दोन्ही बाजूंना पुन्हा दोरी बांधायची. त्रिकोणात प्रत्येक बिंदूचा त्याच्या दोन शेजाऱ्यांशी त्रिकोण करायचा, आणि ज्याचा त्रिकोण सगळ्यात लहान तो बिंदू आधी उडवायचा. दोरीने नदी काटेरी होते, पण तिची टोकं शाबूत राहतात. त्रिकोणाने नदी देखणी होते, पण लांब आणि अरुंद वळणं तो गुपचूप खाऊन टाकतो.

त्या जानेवारीत अखिल शेठने चौदा लहान नद्यांच्या पूररेषेचं काम घेतलं. नदीची रेघ ठरली की तिच्यापासून दोन्ही अंगांना ठरावीक अंतर मोजून एक लाल रेघ मारायची. लाल रेघेच्या आत नवं बांधकाम नाही, घराला मंजुरी नाही, आणि जे राहतात त्यांना आज ना उद्या उठवणार.

"मॅडम, दोन्ही रीतींनी चौदा नद्या काढून बघा," अखिल शेठ म्हणाले. "कोणती घ्यायची ते दोन पानांत लिहून द्या. तुम्ही म्हणाल ती."

चौदांतली अकरावी नदी तिरकी. एरंडोलच्या पुढे आत वळलं की लागते. सारिकाच्या माहेरची नदी.

२

धामणदरे बुद्रुक हे गाव तिरकीच्या दक्षिणेला. गावाच्या पुढे नदी एकाएकी उत्तरेला शिरते, अर्धा किलोमीटर वर जाते आणि तशीच परत खाली येते. त्या जिभेसारख्या अरुंद वळणात गाळाची मळई आहे, आणि मळईत अकरा घरं. तिन्ही बाजूंनी नदी, चौथ्या बाजूने गावात जायची वाट. त्या अकरांत एक घर धनसिंगचं, म्हणजे सारिकाच्या थोरल्या भावाचं. आईवडील गेल्यापासून माहेर म्हणजे तो आणि दिपमालावहिनी. आदल्याच वर्षी त्याने पत्रे काढून स्लॅब टाकला होता आणि ओट्याला लाल फरशी बसवली होती. फरशीचा फोटो त्याने बहिणीला चार वेळा पाठवला होता.

फोन आला तेव्हा त्याने हवापाण्याचं काही विचारलं नाही.

"सारू, मळईनं वळन तुना हातमा शे म्हनतस. खरं का?"

"कोण म्हणतं?"

"बठ्ठा गाव म्हनस. लाल रेघमा घर ऊनं ते आम्ही जावानं कठे?"

ती चिडली. नकाशा म्हणजे काय घरचा कारभार आहे का, वळण आहे तर आहे, असं तिने फाडफाड ऐकवलं. धनसिंगने ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "तू खोटं करू नको बहिन. जमी तितलं देख." भाऊ ओरडला असता तर बरं झालं असतं. तो विनवत होता.

आणि गंमत बघा, तिला खोटं करावंच लागलं नाही. तिने तिरकी दोरीने काढली, तेव्हा मळईचं टोक तसंच उभं राहिलं, कारण ते दोरीपासून सगळ्यात लांब होतं. मग त्रिकोणाने काढली. किती लहान त्रिकोण उडवायचे ती मर्यादा थोडी वाढवली, अजून थोडी वाढवली. वळण बारीक झालं, बोथट झालं आणि नाहीसं झालं. नदी मळईच्या तोंडाशीच सरळ पुढे निघून गेली. लाल रेघ अकरा घरांपासून चांगली दूर पडली.

दोन पानांत तिने लिहिलं की चौदाही नद्यांचा विचार करता त्रिकोणाची रीत सरस आहे, रेषा नैसर्गिक दिसतात. चौदांपैकी आठ नद्यांना दोरी बरी होती, हे तिला ठाऊक होतं. मर्यादा किती धरली याचं कारण तिने लिहिलं नाही. अखिल शेठने पानं वाचली, "सुंदर," म्हणाले आणि सही केली. त्या संध्याकाळी सारिका पेढे घेऊन घरी गेली.

३

नदी ही दोन गावांची शीवही असते. घर नदीच्या ज्या अंगाला, त्या गावात त्याची नोंद. हे संगणक आपलं आपणच करतो, त्याला कुणी सांगावं लागत नाही. तिरकी सरळ झाली तशी मळईतली अकरा घरं उत्तरेच्या अंगाला पडली, आणि तक्त्यात त्यांच्यापुढे गावाचं नाव आलं, धामणदरे खुर्द.

सारिका त्या ओळीकडे बघत राहिली. लहानपणापासून तिने खुर्द हे नाव ऐकलं होतं, गाव मात्र कधी पाहिलं नव्हतं, कारण पाहायला तिथे काही नव्हतंच. बाभळी, एक पडका चौथरा आणि दगडांचे ढीग. कधी उठलं, का उठलं, कुणी बोलत नसे. घरचे फक्त 'पल्याड' म्हणायचे आणि पोरांना तिकडे जाऊ द्यायचे नाहीत. महसुली कागदात अशा गावापुढे एक शब्द लिहितात, आजही लिहितात. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात तो होता: बेचिराख. बे म्हणजे विना, चिराख म्हणजे दिवा. जिथे दिवा लागत नाही असं गाव.

लोकसंख्येच्या रकान्यात शून्य. आणि त्याच्या वर, ओळीने, तिच्या भावाच्या घरासकट अकरा घरं.

ही काही मोठी चूक नव्हती. अकरा ओळी हाताने दुरुस्त करायच्या, दहा मिनिटांचं काम. शनिवार होता, तिचं डोकं दुखत होतं, सोमवारी करू म्हणून ती उठली. सोमवारी आली तेव्हा अखिल शेठने नकाशा पाठवूनही दिला होता.

"एवढी घाई?" ती म्हणाली.

"मॅडम, तुम्हीच सुंदर केला होता ना?" शेठ म्हणाले.

नावाचाच तर प्रश्न आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. घर जागच्या जागी आहे, माणसं जागच्या जागी आहेत.

४

पंधरा दिवसांनी दिपमालावहिनीचा फोन आला, इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि मग ती म्हणाली, "बाई, तुमनाकडे गॅस बरोबर शे का? आमना पेटस नही."

सिलेंडर संपलं असेल. नाही, भरलेलं होतं. रेग्युलेटर बदला. बदलला. शेगडी एरंडोलला नेऊन दाखवली, दुकानात तिन्ही बर्नर भडाभडा पेटले. घरी आणली आणि काडी लावली, तर काडी पेटायची आणि लगेच विझायची. चूल मांडली, तेच. कुंदाबाई म्हणून शेजारीण होती, तिच्याकडेही तेच. अकराही घरांत तेच.

"वारा असेल," सारिका म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

मार्चमध्ये दिव्यांचं सुरू झालं. बटण दाबलं की बल्ब लागायचा नाही, मीटर मात्र फिरत राहायचं. वीज मंडळाचा माणूस दोनदा आला आणि दोन्ही वेळा गावातूनच परत गेला. मळईवस्ती सापडली नाही म्हणाला. धनसिंग हे सांगताना हसत होता. सारिकाने ऑफिसच्या वहीत कारणं लिहून काढली, तशी तिला सवयच होती. गाळातून कसला तरी वायू येत असेल. तारा जुन्या असतील. मंडळाचा माणूस आळशी असेल. प्रत्येक कारण एकेकटं पटत होतं. सगळी मिळून पटत नव्हती.

एकदा भाऊ बोलत असताना त्याच्या मागे माणसांची कुजबुज ऐकू येत होती. पुष्कळ माणसं, खालच्या आवाजात, न थांबता.

"भाऊ, टीव्हीचा आवाज कमी कर ना," ती म्हणाली.

पलीकडची कुजबुज तशीच चालू राहिली.

"लाईट कठे शे टीव्ही लावाले?" तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर ऑफिसच्या संडासात जाऊन ती तोंडावर पाणी मारत राहिली. शेजारच्या टेबलावरची रूपल दारावर टकटक करून गेली तरी ती बाहेर आली नाही.

५

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती रजा टाकून निघाली. एरंडोलपर्यंत एसटी, तिथून रिक्षा. धामणदरे बुद्रुकला उतरली तेव्हा साडेअकरा झाले होते आणि ऊन असं की डोक्यावरची ओढणीही तापली होती. चहाच्या टपरीवर नवल आबा बसले होते. हेच आबा तिच्या लग्नात पंगतीला वाढत होते, जिलेबीची परात घेऊन आग्रह करत फिरले होते.

"आबा, भाऊ घरीच असेल ना?"

आबांनी चष्मा वर केला. "कोनना भाऊ, बेटी?"

"धनसिंग. मळईतला. मी सारू."

"मळईमा कोन शे? ते पल्याड शे, खुर्दमा. बेचिराख शे ते." आबांनी तिच्याकडे काळजीने पाहिलं. "ऊन लागनं का तुले? बैस, पानी पी."

म्हातारपण, ती मनाशी म्हणाली. पण टपरीवाला वना तरणाताठा होता, तिच्याच वर्गात शिकलेला. तोही तिच्याकडे परक्या बाईकडे बघावं तसा बघत होता. ती पाणी न पिता उठली.

वाट ओळखीची होती. शाळा, मग निंबाचं झाड, मग कपाशीचं रान, आणि मग मळईत शिरायचं. पण रानाच्या पुढे वाट तुटली. समोर नदी होती. कोरडी, वाळूची, इकडून तिकडे सरळ गेलेली, पट्टी ठेवून आखल्यासारखी. जिथे मळईचं तोंड असायला हवं तिथे.

ती काठावर उभी राहिली. वाळूवाल्यांनी केलं, तिने ठरवलं. जेसीबी लावून एका उन्हाळ्यात उकरलं. उकरतातच, सगळा जिल्हा उकरून खाल्लाय मेल्यांनी. पण काठावर जुनी बोरीची झाडं होती, मुळं पार वाळूत उतरलेली. जेसीबीची खूण कुठे नव्हती. आणि कडेची ती रेघ, तो जराही न वळणारा कोन, तिने आधी पाहिला होता. स्वतःच्या हाताने तिने मर्यादा वाढवली होती आणि हाच कोन पडद्यावर आला होता.

परत फिरावं असं तिला फार वाटलं. पण पलीकडे लाल फरशीचा ओटा दिसत होता. ती वाळूत उतरली.

६

धनसिंग ओट्यावर बसला होता. तिला बघून तो उठला नाही.

"कसाले ऊनी?" तो म्हणाला.

"कशाला आलीस असं काय विचारतोस भाऊ? तू वाळलास किती!"

त्याने तिला बसायला सांगितलं नाही, आत चल म्हणालाही नाही. दार सताड उघडं होतं. भर बाराचं ऊन उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलं होतं आणि त्याच्या पुढे काही दिसत नव्हतं. उन्हातून आलं की घडीभर डोळ्यांना आत दिसत नाही, हे तिला माहीत होतं. ती उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून थांबली, मनात साठपर्यंत आकडे मोजले. डोळे सरावले नाहीत. तिने फोनचा टॉर्च लावला. फोन म्हणत होता की टॉर्च चालू आहे.

मग आवाज वेगळे ऐकू यायला लागले. कुणीतरी सूप घोळत होतं. काचेच्या बांगड्या. एक जुनाट खोकला, डाव्या कोपऱ्यातून. त्याला उत्तर दिल्यासारखा दुसरा, उजवीकडून. आणि श्वास. दहा बाय बाराच्या त्या खोलीत मावणार नाहीत इतक्या माणसांचे श्वास, खाली बसलेल्यांचे, भिंतीला टेकून उभ्या असलेल्यांचे.

"या ना बाई," दिपमालावहिनीचा आवाज आला. अगदी रोजचा, हसरा. "बैसा. जागा शे."

सारिकाने मागे हात करून भावाचं मनगट धरलं. "भाऊ, आत कोण आहे?"

"पाहुना शेतस."

"कुठले?"

"गावनाच शेतस," धनसिंग म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला. "आपला बुद्रुकना नही. अठला. त्या म्हनतस, आते तुम्ही बी आमनाच."

तिने त्याला ओढलं. चल, आत्ताच्या आत्ता चल, वहिनीला बोलाव. तो जागचा हलला नाही, हलू शकत नव्हता का त्याला हलायचं नव्हतं हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. "जाय सारू," तो म्हणाला. "अठे परत येऊ नको."

ती वळली, तेवढ्यात अंधारातून एक म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. जरबेचा, पण मायेचा. घरातली वडीलधारी बोलते तसा.

"थांब वो. लेकले रिकामं धाडतस का?"

आता सांगा, खानदेशातली कुठली बाई माहेरून निघताना ओटी घ्यायला नाही म्हणेल? भीती होतीच, तरी हात सवयीने पुढे झाले. तिने ओढणीचा पदर पसरला. अंधारातून दोन हात उंबऱ्याच्या उजेडाशी आले, मनगटापर्यंतच. सालपटलेले, कोरडे, हळद लागलेले. त्यांनी तिच्या पदरात पाच वेळा ओंजळ रिती केली. तिने वाकून नमस्कारही केला.

वाळू ओलांडून अलीकडे आल्यावर तिने पदर उघडला. जुनी, कीड लागलेली ज्वारी होती. ओटी कुणी टाकून देत नाही. तिने गाठ मारली आणि एसटीत मांडीवर धरून बसली.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती ऑफिसात हजर होती. आधी तिने अकरा ओळी हाताने दुरुस्त केल्या. खुर्द पुसून बुद्रुक लिहिलं, नकाशा बंद केला, उघडला. पुन्हा खुर्द. पुन्हा पुसलं. पुन्हा खुर्द. संगणकाचं काही चुकत नव्हतं. घर रेघेच्या पलीकडे आणि नाव अलीकडचं, हे त्याला पटत नव्हतं. वळण परत आणल्याशिवाय घरं परत येणार नव्हती, आणि वळण परत आलं की लाल रेघ त्या घरांवरून जाणार होती. ती दोन्ही हातांत डोकं धरून बसून राहिली.

मग ती अखिल शेठकडे गेली. तिरकी दोरीच्या रीतीने पुन्हा काढायची आहे म्हणाली.

"एका वळणासाठी?" शेठ म्हणाले. "मॅडम, तुम्हीच लिहून दिलं ना, त्रिकोण सरस म्हणून? माझी सही घेतलीत त्यावर."

"मी चूक लिहिलं होतं."

"चूक की मुद्दाम?"

तिने टेबलावरची ती दोन पानं उलटी ठेवली. शेठना बहुतेक सगळं कळलं. ते रागावले नाहीत, त्यांनी फक्त हात जोडले आणि दुपारपर्यंत दुरुस्तीची फाईल पाठवायला सांगितली. त्यानंतर त्यांनी तिला नद्या दिल्या नाहीत, रस्ते दिले.

तिने तिरकीला दोरी लावली. मळईचं टोक उत्तरेला उठून उभं राहिलं. अकरा घरं बुद्रुकमध्ये आली. दुपारी दोनला फाईल गेली आणि संध्याकाळी सहाला वहिनीचा फोन आला. पाठीमागे फोडणीचा चर्र आवाज होता.

"बाई, आखाजीले येतीस ना? सांजोऱ्या कराले घेऊ का?"

"वहिनी, गॅस?"

"गॅसले काय व्हयनं?"

सारिका फोन कानाला धरून रडली. वहिनी पलीकडून विचारत राहिली, काय झालं, पियुषभाऊ काही बोलले का. वहिनीला काहीच आठवत नव्हतं. भावालाही नाही. त्या दोन महिन्यांतलं काही म्हणजे काही त्यांच्याकडे उरलं नव्हतं.

दहा दिवसांनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पूररेषेचा नकाशा लागला. त्याच दिवशी दुपारी धनसिंग जळगावला आला. पियुषने पाणी आणलं, त्याने घेतलं नाही. चपला न काढता तो दारातच उभा राहिला.

"लाल रेघ मना घरवरथून गई," तो म्हणाला.

"भाऊ, ऐक. मी वळण काढून टाकलं होतं. तुझ्यासाठी काढलं होतं. पण मग तुम्ही..." ती अडली. मग तुम्ही पल्याड गेलात, तुमच्या घरात दिवा लागत नव्हता, परकी माणसं येऊन बसली होती, तू मला परत येऊ नको म्हणालास. यातलं एक वाक्य तरी कसं सांगायचं? तिने सांगितलं, तरीही. सगळं, अडखळत सांगितलं.

धनसिंगने पियुषकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. "तू तव्हय नही म्हनती ते माले चालतं," तो म्हणाला. "तू करं, अन मंग साहेबसले घाबरीसन फिराई टाकं. वर आते भुताना गोष्टी सांगस. मना घरमा भुतं शेतस, असं सांगस."

"भाऊ, शपथ घेऊन सांगते."

"मळईमा आते तुनं कोनीच नही," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला. त्याचा आवाज चढला नव्हता. तिने गॅलरीतून हाका मारल्या. शेजारच्या दिव्यांच्या दुकानातली माणसं वर बघायला लागली, तो मात्र बघत नव्हता.

८

खानदेशात लेक दिवाळीला आली नाही तर एकवेळ चालतं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र तिला माहेरी न्यावीच लागते. न्यायला माहेरचा मुराळी येतो, भाऊ नाहीतर भाचा, आणि शेजारच्या बायका गॅलरीतून बघतात की हिला न्यायला कोण आलं. लग्नानंतरची बारा वर्षं धनसिंग आला होता. एका वर्षी ताप अंगात घेऊन आला होता.

सारिकाने तीन दिवस आधीच पिशवी भरली. वहिनीला साडी, भावाला टोपी. पियुष म्हणाला, "कशाला जिवाला लावून घेतेस?" ती म्हणाली, "येईल. रागावलाय, पण येईल." पहिल्या दिवशी तिने चार वेळा जिना बघितला. दुसऱ्या दिवशी समोरच्या ताईबाईंनी विचारलं, "अजून कोणी आलं नाही का गं?" आणि तिने खोटंच सांगितलं की शेतात काम निघालंय. तिसऱ्या दिवशी, ऐन आखाजीला, सकाळी सगळ्या गल्लीतल्या लेकी गेलेल्या होत्या आणि ती पुरण वाटत होती, कुणासाठी ते तिलाच ठाऊक नव्हतं.

दहाच्या सुमाराला बेल वाजली. पियुष दार उघडून आत आला, चेहरा फुललेला.

"अगं, तुला न्यायला आलेत!"

तिला एकदम भरून आलं. भाऊ विरघळला. शेवटी विरघळला. तिने हात धुतले, पदराने पुसले, केस नीट केले. "आत बोलाव ना, दारात काय उभं केलंस त्याला?"

"धनसिंगभाऊ नाहीत," पियुष म्हणाला. "म्हातारे आहेत कुणीतरी. धामणदऱ्याहून आलो म्हणतात. आमची लेक शे, न्यायला आलो, असं म्हणतात."

सारिका उभी राहिली तशीच राहिली.

"एकटेच आहेत?"

पियुष गॅलरीत जाऊन खाली डोकावला. "एकटे कुठले? जिना भरलाय सगळा. खाली गेटच्या बाहेरपर्यंत उभे आहेत, बायाबापड्या सुद्धा, एवढ्या उन्हात. बाप रे, इतकं गोत आहे तुझं? कधी बोलली नाहीस." तो कौतुकाने हसत होता. "ते अंगणातले बघ, सगळे वरच बघताहेत."

ती बघायला गेली नाही. दार आतून लावून घ्यावं, पियुषला आत ओढावं, पोलिसांना फोन करावा, हे सगळं तिच्या मनात आलं. पण भीतीच्या वर एक राग चढत होता, आणि तो या माणसांवरचा नव्हता. ज्याच्यासाठी तिने आधी खोटं लिहिलं आणि मग ते खोटं मोडलं, ज्याला तिने अंधारातून ओढून काढलं, तो आज आपल्या लाल फरशीवर बसून पुरणपोळी खात होता. त्याने साधा फोन केला नव्हता. आणि हे मात्र आले होते, म्हातारे, पायी, भर उन्हातून. सगळे आले होते.

तिने पिशवी उचलली.

"त्यांना पाणी दे," ती पियुषला म्हणाली. "म्हणावं, आलेच."